पेपर सहाची हजेरी

सर्जेराव कणसे दर गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी १९७१ सालात जातात, आणि नेमका त्याच वेळी माझा एम.ए.चा तास असल्यामुळे त्यांची हजेरी कशी मांडायची हा प्रश्न आमच्या महाविद्यालयात वर्षभर लोंबकळत पडला होता.

कणसे बहात्तर वर्षांचे आहेत. सैन्यातून नायक म्हणून निवृत्त झाले, बाहेरून बी.ए. केलं आणि आमच्याकडे मराठीच्या एम.ए.ला रीतसर प्रवेश घेतला. रोल नंबर तेवीस. दुसऱ्या बाकावर खिडकीच्या बाजूला बसतात. अकरा दहा झाले की त्यांची जागा रिकामी होते, टोपी तेवढी बाकावर राहते. अकरा बावन्नला ते परत येतात तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेले असतात आणि बुटांना कालव्याचा काळा चिखल असतो. पहिल्याच महिन्यात शिपायांनी फरशीबद्दल लेखी तक्रार केली. प्राचार्यांनी दुसऱ्या बाकाखाली एक पोतं अंथरायला सांगितलं आणि चिखलाचा विषय मिटला. हजेरीचा मिटला नाही.

गुरुवारचा हा तास पेपर सहाचा. ‘युद्धविरोधी कादंबरी : काळ आणि आघात’ असं त्याचं नाव. नेमलेली कादंबरी एकच आहे आणि तिच्यात तारखा ओळीने येत नाहीत. पहिल्या प्रकरणात पलटणीतला स्वयंपाकी शिवराम म्हातारा होऊन नातीच्या लग्नात पंगतीला बसलेला असतो. दुसऱ्यात तो सकाळी ऐंशी माणसांची कणीक मळतो आणि संध्याकाळी जेवायला एकतीस जण येतात. तिसऱ्यात तो जन्मतो. चौथ्यात पुन्हा कणीक. मुलांना ही कादंबरी फार छळते, आणि ते मला दरवर्षी तोंडावर सांगतात.

त्यावर उपाय म्हणून बाजारात एक गाइड मिळतं. मी सव्वीस वर्षं शिकवते आहे आणि मला कशाचा संताप येत असेल तर तो गाइडांचा. या गाइडवाल्याने मोठ्या कष्टाने सगळे प्रसंग सुटे करून तारखेप्रमाणे लावले आहेत, एक ते चौतीस. मुलं ते घोकतात, कारण परीक्षेत पंधरा गुणांचा प्रश्न ठरलेला असतो : नायकाच्या जीवनातील घटना कालक्रमाने लिहून त्याच्या मनावरील आघाताचे विवेचन करा.

वर्षाच्या सुरुवातीलाच एका गुरुवारी, अकरा पाचला, कणश्यांनी हात वर केला. शेजारच्याचं गाइड त्यांच्या हातात होतं.

“मॅडम, हे वळीनं कुणी लावलं?”

“ते गाइड आहे, कणसे. ते वाचायचं नसतं.”

“गाइडात ती एकोणपन्नास माणसं एकदाच मरत्यात. सतराव्या नंबरला. मग शिवराम गावाकडं येतो, पोरं होत्यात, सगळं बेस चालतं.” त्यांनी गाइड मिटून परत दिलं. “पुस्तकात जितक्यांदा कणीक मळली तितक्यांदा मरत्यात. पुस्तक खरं हाय.”

मग अकरा दहा झाले आणि ते गेले. जे सांगायला मला अख्खा तास लागला असता, ते त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. मला थोडं लागलं, पण आवडलंही.

हजेरी मी अकरा दहालाच घेते. खेड्यांवरून येणारी एसटी अकराला स्टँडवर लागते आणि पोरं धापा टाकत वर येतात, त्यामुळे आमच्याकडे हजेरी तास सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी घ्यायची पद्धत आहे. कणश्यांची सोय व्हावी म्हणून मी ती एकदा अकरा पाचला घेतली. ते अकरा पाचला गेले. पुढच्या खेपेला तास संपताना, अकरा पंचावन्नला घेतली. ते तोवर छान बसून होते, चर्चेत बोललेही. मी हजेरीपट उघडला आणि जागा रिकामी झाली. ते बारा सदतीसला परतले, तेव्हा त्या वर्गात अर्थशास्त्राचा तास चालू होता आणि तिथल्या सरांनी मला बरंच सुनावलं. म्हणून हजेरी पुन्हा अकरा दहावर आणली. हजेरी नेऊ तिकडे १९७१ जातं, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. त्याचं कारण मात्र विचारायचं राहून गेलं.

परीक्षेला बसायचं तर पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. कणश्यांची पेपर सहाची हजेरी शून्य होती. मी कार्यालयात हेडक्लार्क गुजर यांच्याकडे गेले. गुजर नियमाला पक्के आहेत, इतके की स्वतःच्या मुलीचा प्रवेश अर्ज त्यांनी फोटो तिरका चिकटवला म्हणून परत केला होता.

“एन.सी.सी.च्या कॅम्पला गेलेल्या मुलांना हजेरी मिळते,” मी म्हटलं. “हे तर प्रत्यक्ष लढाईला जातात.”

“मिळते ना. कर्तव्यावर असल्याचं प्रमाणपत्र आणू दे. सक्षम अधिकाऱ्याच्या सहीचं.”

पुढच्या गुरुवारी कणश्यांनी प्रमाणपत्र आणलं. सुभेदाराची सही होती, पलटणीचा शिक्का होता, कागद ओला होता. गुजरांनी तो खिडकीत वाळत घातला, वाळल्यावर दोनदा वाचला आणि परत केला.

“यावर तारीख आठ डिसेंबर एकाहत्तर आहे, मॅडम. प्रमाणपत्र सहा महिन्यांच्या आतलं लागतं.”

“ते आजच दिलंय त्यांनी.”

“असेल. पण तारीख आजची नाही.”

मला गुजरांचा राग आला आणि तो मी दाखवला. त्यांनी शांतपणे तो माझ्या नावावर आवक-जावक रजिस्टरला नोंदवून घेतला.

जानेवारीत पोरांनीच मार्ग काढला. आमच्याकडे एकमेकांची हजेरी लावण्याला प्रॉक्सी म्हणतात. एसटी चुकली, आई आजारी पडली, मॅच असली की शेजारचा आवाज बदलून हजर म्हणतो आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. त्या गुरुवारी मी तेवीस नंबर पुकारला आणि रोल नंबर एक, ऋतुजा अवघडे, घसा खरवडून म्हणाली, “हजर.” वर्ग खाली माना घालून हसला. ऋतुजा वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. तिला पुढे प्राध्यापक व्हायचं आहे आणि त्यासाठी तिला हे वर्ष एका झटक्यात सुटायला हवं होतं. मी हजेरीपटावर बरोबरची खूण केली. माझं मन मला जराही खात नव्हतं.

अकरा बावन्नला कणसे आले. पोत्यावर पाणी निथळत होतं. शेजारच्याने त्यांना हौसेने सांगितलं की आबा, आज तुम्ही हजर आहात.

कणसे उभे राहिले. “कोण म्हटलं हजर?”

ऋतुजा उठली. “मी म्हटलं, आबा.”

“खोड, मॅडम,” ते मला म्हणाले. सव्वीस वर्षांत मला कुणी अगंतुगं केलेलं नाही. मी मुकाट्याने हजेरीपट उघडला आणि खूण खोडली.

मग ते बसले आणि भिजलेल्या गुडघ्यांवर हात ठेवून बोलले.

“आठ डिसेंबर. सकाळची गिनती. लष्करात हजेरीला गिनती म्हणत्यात. कालव्याच्या अलीकडं बांधाखाली उभं हुतो आमी. किसन पिसाळ आला नव्हता. त्यो कवाच वेळंवर यायचा न्हाई. ट्रेनिंगला असताना मीच त्याच्या नावानं हजर म्हणायचो, न्हाईतर त्याला मैदानाला फेऱ्या पडायच्या. सुभेदारानं पिसाळ म्हणून हाक मारली. माझं त्वांड उघडलं. हजर म्हटलो.”

त्यांनी बुटांचा चिखल पोत्याला पुसला.

“गिनती पुरी भरली. भरल्यावर कोण कशाला बघाय जातंय? किसन कालव्याच्या पल्याड पडला हुता. मांडीत गोळी हुती. दुपारपतूर जिता हुता. हे आमाला सांजच्याला कळलं, जमिनीवर बोटं कशी वढली हुती त्यावरनं.” त्यांनी ऋतुजाकडे पाहिलं. “तू चांगल्या मनानंच म्हटलीस, बाळ. मीबी चांगल्या मनानंच म्हटलो हुतो.”

हजेरी कुठेही न्यावी, ती त्यांना त्या गिनतीलाच नेते, हे मला तेव्हा कळलं. इतके महिने आपण हे विचारलं नाही याची मला लाज वाटली, अजून वाटते.

“पण आबा,” ऋतुजा म्हणाली, “आता दर गुरुवारी जाता, तर गप्प का नाही राहत?”

“ठरवून जातो. दर बारीला ठरवून जातो. सुभेदार हाक मारतो आन त्वांड उघडतंय.”

“मग परीक्षा कशाला हवी तुम्हाला? एम.ए. करून काय करणार?”

त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. “मला त्यो पंधरा मार्कांचा प्रश्न लिवायचाय. पन्नास वर्षं दर सव्वीस जानेवारीला गाव माझा सत्कार करतंय. शाल, नारळ. काय झालं त्ये कोण इचारत न्हाई. मी सांगाय लागलो की ताशा वाजवत्यात. पेपरात इचारलंय. लिवलेलं कुणाला तरी वाचावं लागतंय. सक्तीनं.”

त्यांनी एवढं सांगितल्यावर मी पुन्हा गुजरांकडे गेले, मग प्राचार्यांकडे गेले, मग विद्यापीठाला पत्र लिहिलं. विद्यापीठाने उत्तर म्हणून हजेरीची तपासणी करायला डॉ. हर्षे यांना पाठवलं. त्यांनी नेमका गुरुवार निवडला.

हर्षे सर वर्गात आले, खुर्चीवर बसले आणि गुजरांना कागदपत्रांसह शेजारी उभं केलं. कादंबरीची प्रत चाळून ते म्हणाले, “छान आहे. फक्त विद्यार्थ्यांना आधी सरळ क्रमाने द्या, मॅडम. घडी घातलेला कपडा उलगडल्याशिवाय मापता येत नाही.”

“तो कपडा नाही, सर,” मी म्हटलं. त्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

अकरा दहा झाले. दुसऱ्या बाकावरची जागा रिकामी झाली. हर्षे सरांनी घड्याळात पाहिलं, वहीत काहीतरी टिपलं आणि हजेरीपट स्वतःकडे ओढला. “मी स्वतः घेतो. तेवीस नंबरच्या जागी कुणीही आवाज दिला तर त्याच्यावर कारवाई होईल. रोल नंबर एक.”

ऋतुजा उभी राहिली. “गैरहजर.”

हर्षे सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही माझ्यासमोर उभ्या आहात.”

“हो सर. गैरहजर लिहा.”

“कारण?”

“तेवीस नंबर नाहीत. मग मी पण नाही.”

“तुमची परीक्षा बुडेल.”

“माहीत आहे, सर.” ती खाली बसली नाही.

हर्षे सरांनी लिहिलं. रोल नंबर दोन, गैरहजर. तीन, गैरहजर. चार नंबरचा मुलगा मुळात बुजरा, त्याने वर्षभरात तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याने गैरहजर इतक्या जोरात म्हटलं की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. एकेक करून बावीस जण उभे राहिले आणि उभेच राहिले. तेवीस नंबर पुकारला गेला तेव्हा कुणी काही बोललं नाही. मी हे कुणालाही शिकवलेलं नव्हतं. मला इतका अभिमान वाटला की मी खिडकीकडे तोंड केलं.

“मॅडम,” हर्षे सर म्हणाले, “तुम्ही तरी हजर आहात का?”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. आता सगळ्या वर्गालाच परीक्षेला बसू द्यायचं नाही असा शेरा ते लिहिणार होते आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. तेवढ्यात गुजर खाकरले.

“तसं करता येणार नाही, सर. परिपत्रक आहे. वर्गातले सगळे विद्यार्थी गैरहजर असतील तर तो तास झाला नाही असं धरावं. आणि न झालेला तास हजेरीच्या हिशोबात घेता येत नाही.”

“हा एक तास सोडा. आधीचे तास झालेत ना?”

“ते आत्तापर्यंत झालेत,” गुजर म्हणाले आणि त्यांनी वर्गाकडे पाहिलं. “दुरुस्तीचा नमुना अर्ज माझ्याकडे मिळेल. आपण हजर नसताना चुकून हजर लागलो, असं विद्यार्थ्याने स्वतःहून लिहून दिलं तर पुरावा लागत नाही. पुरावा फक्त स्वतःच्या फायद्यासाठी लागतो.”

संध्याकाळपर्यंत बावीस अर्ज आले. त्यांप्रमाणे पेपर सहाचा एकही तास वर्षभरात झालेला नव्हता. शून्यापैकी शून्य हे पंचाहत्तर टक्क्यांपेक्षा कमी भरत नाही, असं गुजरांनी टिपणीत लिहिलं. हर्षे सरांनी अर्धा तास ते खोडता येईल का बघितलं आणि शेवटी सही केली. मी गुजरांचे आभार मानायला गेले तर ते म्हणाले की त्यांनी काहीच केलेलं नाही, त्यांनी नियम वाचून दाखवला. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “बावीसच्या बावीस अर्जांवर फोटो सरळ चिकटवलेत, मॅडम.”

पेपर सहाची परीक्षा गुरुवारी अकराला आली. पर्यवेक्षक म्हणून गुजरांनी माझं नाव लावलं. विषय शिकवणाऱ्याला त्या पेपरला पर्यवेक्षण करता येत नाही असा नियम आहे, पण पेपर सहा कुणीच शिकवलेला नसल्याने हरकत निघाली नाही.

आदल्या दिवशी कणसे मला जिन्यात भेटले. मी त्यांना म्हटलं की अकरा दहाला गेलात तर बेचाळीस मिनिटं जातील, तेव्हा पंधरा गुणांचा प्रश्न आधी सोडवा.

“मी जाणार न्हाई, मॅडम. तिकडं गेलो की त्वांड उघडतंय. उद्या पेपर हाय माझा. लढाईला गरज आसंल तर ती यील कॉलेजात.”

ते पावणेअकराला येऊन बसले. इस्त्रीचा सदरा, दोन पेनं, पाण्याची बाटली. मी उत्तरपत्रिका वाटल्या, अकराला प्रश्नपत्रिका दिल्या. कणश्यांनी बाकी काही न वाचता पान उलटून पाचवा, पंधरा गुणांचा प्रश्न काढला आणि लिहायला घेतलं.

अकरा दहा झाले. ते जागेवर होते.

थोड्या वेळाने दाराच्या फटीतून पाणी आत आलं. गार, गढूळ पाणी, त्यावर गवताच्या काड्या. मुलांनी चपला बाकाच्या आडव्या पट्टीवर ठेवल्या आणि लिहीत राहिली. व्हरांड्यात बुटांचा आवाज झाला, बरीच माणसं ओळीत उभी राहिल्यासारखा, आणि मग एक खणखणीत आवाज नावं घेऊ लागला. प्रत्येक नावाला उत्तर मिळत होतं. हजर. हजर. मी दाराजवळ उभी होते, पण दार उघडलं नाही. पेपर सुरू झाल्यावर अर्ध्या तासापर्यंत कुणाला आत घेता येतं, पण त्याला हॉलतिकीट लागतं.

“कणसे!”

कणश्यांनी लिहिणं थांबवलं नाही. मी पाहिलं, डावा हात त्यांनी तोंडावर घट्ट दाबून धरला होता.

बाहेर जराशी चुळबुळ झाली. मग पुढचं नाव आलं.

“पिसाळ!”

ऋतुजाने पेन खाली ठेवलं. हळूहळू सगळ्यांनीच ठेवलं. कणश्यांच्या कपाळाची शीर फुगली होती, डोळ्यांतून पाणी येऊन बोटांवरून मनगटाकडे ओघळत होतं. अंगठ्याखाली जबडा हलताना मला दिसत होता. शब्द तोंडात येऊन उभा होता आणि ते त्याला बाहेर पडू देत नव्हते. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, पण त्यांना तेव्हा कुणाची मदत नको होती.

“पिसाळ!”

घोटाभर पाण्यात तेवीस जण बसले होते आणि मी उभी होते. एकाच्याही तोंडून आवाज आला नाही.

“शिपाई किसन पिसाळ!”

खूप वेळ गेला. घड्याळात तो अर्ध्या मिनिटाचासुद्धा नव्हता, मी मुद्दाम पाहिलं.

“पिसाळ गैरहजर,” बाहेरचा आवाज म्हणाला. “चार माणसं पल्याड जा. बघून या.”

बूट पळाले. व्हरांड्यातून, जिन्याच्या दिशेने, आणि मग पाण्यात उतरल्याचा आवाज आला. वर्गातलं पाणी त्यांच्यामागून दाराच्या फटीतून निघून गेलं. फरशीवर चिखल राहिला आणि काही काड्या.

किसन पिसाळ सापडला का, कुठल्या अवस्थेत सापडला, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही, कारण परीक्षा चालू असताना बोलायचं नसतं.

कणश्यांनी तोंडावरचा हात काढला. गालावर चार बोटांचे वळ उठले होते. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने चेहरा पुसला आणि पुन्हा लिहायला घेतलं. थांबले तेव्हा उत्तरपत्रिकेची पानं मोजली, ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत भरली होती. मग परीक्षेत करतात तसा हात वर केला.

“मॅडम,” ते म्हणाले, “पुरवणी.”

मी पुरवणी दिली, तिच्यावर सही केली आणि वेळ टाकली : अकरा वाजून बावन्न मिनिटे. त्यांनी त्या दिवशी आणखी सहा घेतल्या.